मास्तरांच्या तोंडचा एक शब्द

मास्तरीणबाईंनी उभ्या आयुष्यात कुणाला बाराखडीसुद्धा शिकवली नव्हती. मास्तरांची बायको म्हणून मास्तरीणबाई, एवढाच त्या पदवीचा अर्थ. स्वतः त्या निवृत्त होईपर्यंत एका कारखान्याच्या कचेरीत टेलिफोनच्या बोर्डावर बसत. कानाला पट्टा, समोर भोकांची फळी, हातात दोऱ्या. बाहेरून फोन आला की बोर्डावर दिवा लागे आणि बाईंनी दोरी उचलून ज्याची त्याला लाईन जोडून द्यायची. या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. समोरच्याने 'हॅलो' म्हटलं की त्याला कोण हवंय हे बाईंना कळे. पुढे पुढे 'हॅलो'चीही गरज उरली नाही, नुसत्या श्वासावरून कळे. मोठ्या साहेबांच्या बायकोने श्वास घेतला की तो सोडायच्या आत साहेबांच्या टेबलावरचा फोन वाजत असे.

"बाई, तुम्ही आम्हाला बोलूच देत नाही," हिशेब खात्यातला एक जण तक्रार करायचा.

"बोलून काय दिवे लावणार आहात? लाईन मिळाली ना? मग झालं."

एकदाच गफलत झाली. एका साहेबांनी बाहेरून फोन केला, बाईंनी सवयीने त्यांच्या घरची लाईन जोडून दिली, आणि साहेबांना त्या दिवशी बोलायचं होतं भलतीचकडे. पुढे त्यांच्या घरात जो तमाशा झाला त्याची चर्चा कचेरीत बरेच दिवस पुरली. "ज्याचं त्याचं कर्म," म्हणून बाईंनी विषय झटकून टाकला. आपण ऐकून घ्यायच्या आधी दोरी खुपसली हे त्यांच्या मनातही आलं नाही. खरी गोम इथेच होती.

मास्तरांचं सगळं उलट. घराच्या पुढच्या खोलीत ते इंग्रजीचा क्लास चालवत. चार बाकं, एक काळा फळा, करकरणारा पंखा, आणि कुणी सांगितलं नसताना गळ्यात टाय. परीक्षेत आपटलेली मुलं येत, मुलाखतीच्या धास्तीने रया गेलेले तरुण येत, कापडदुकानातले विक्रेते येत, आणि वरिष्ठांकडून इंग्रजीत बोलणी खाऊन कंटाळलेली एक नर्सही येई. तिला बोलणी परत करायची होती.

मास्तरांची पद्धत ठरलेली. संध्याकाळी एकच शब्द. आधी त्याचं कूळ, मग अर्थ, मग वापर. "भाडेकरू ठेवताना कुठला, कोण, काय करतो, विचारता ना? मग शब्द डोक्यात ठेवताना चौकशी नको?" आणि शेवटी प्रत्येकाने त्या शब्दाचं एक वाक्य करायचं, तेही स्वतःच्या त्याच दिवसातलं. पुस्तकातलं वाक्य चालत नसे.

यातला एक नियम मात्र कडक होता. कुणी वाक्य करताना अडखळला तर बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. एकदा तो कापडदुकानातला विक्रेता उभा राहिला आणि 'आय' म्हणून जो थांबला तो थांबलाच. घाम फुटला बिचाऱ्याला. मागच्या बाकावरच्या मुलीने दया येऊन शब्द पुरवला. मास्तरांनी तिला जिन्यात उभं केलं.

"मी मदत करत होते, सर!"

"मदत नव्हे, चोरी. वाक्य त्याच्या पोटात आहे. तू बाहेरून हात घालून काढलंस तर ते तुझं झालं. त्याला काय उरलं?"

आतून, स्वयंपाकघरातून बाईंचा आवाज आला, "अहो, सांगून टाका ना एकदाचं! माणूस ताटकळून मरेल."

"अगं, तू आता बोर्डावर नाहीस," मास्तर तिथूनच म्हणाले. सगळा वर्ग हसला. विक्रेताही हसला, आणि हसता हसता त्याचं वाक्य सुटलं.

शेवटच्या दिवशी फळ्यावर जो शब्द होता तो 'हेल्पलेस'. शेवटचा दिवस हे अर्थात नंतर कळलं. तेव्हा ती नेहमीसारखीच एक संध्याकाळ होती, आणि बाई आत भांडी विसळत अर्ध्या कानाने ऐकत होत्या.

"हेल्प म्हणजे मदत, हे तुम्हाला येतं. पण शेपटी कसली आहे? लेस म्हणजे काय?"

"कमी, सर."

"म्हणजे हेल्पलेस म्हणजे थोडी कमी मदत? अर्धा कप मदत?" वर्गात खसखस पिकली. "हा लेस तो नव्हेच. दिसायला सारखा, घराणं वेगळं. जुन्या इंग्रजीत एक शब्द होता, त्याचा अर्थ सुटलेला, मोकळा, रिकामा राहिलेला. आपण सैल कपड्याला लूज म्हणतो ना, तो याचा चुलतभाऊ. तेव्हा हेल्पलेस म्हणजे कोण? ज्याच्यापासून मदत सुटून गेली तो. मुळात होती, धरलेली होती, आणि निसटली असं समजा." हे शेवटचं मास्तरांनी पदरचं घातलं होतं. ते थोडं थोडं घालत.

मग मराठी. मास्तरांना खरी मजा इथे येई. "कुणी लाचार असं लिहिलं तर कान पिळीन. लाचार म्हणजे ज्याला चारा नाही, उपाय नाही. पण आपण त्या शब्दाला इतकं मळवलंय की त्यात आता लाळ घोटणं आलं. तान्हं मूल हेल्पलेस असतं, लाचार नसतं. हतबल म्हणाल, तर त्याचं बळ आधी होतं आणि मारलं गेलं. मुलाचं कुठे होतं? अगतिक म्हणजे पुढे वाटच नाही. सगळ्यात जवळचा असहाय. सहाय म्हणजे मूळ अर्थाने बरोबर चालणारा. बरोबर चालणारं कुणी नाही, तो असहाय. आणि गंमत बघा, इंग्रजीत माणूस हसून हसूनही हेल्पलेस होतो. तिथे आपला एकही शब्द चालत नाही. तिथे आपण म्हणतो, पुरेवाट झाली."

"सर, मग डिक्शनरीत एवढे अर्थ कशाला?"

"एके काळी तर आणखी एक होता. जो मदत करत नाही, ज्याचा काही उपयोग होत नाही, त्यालाही हेल्पलेस म्हणत. तो अर्थ आता मेला. माणसं शिल्लक आहेत, अर्थ मेला." आणि मास्तर स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना मास्तर पडले. अर्ध्या गालाला साबण तसाच. डोक्यातली रक्तवाहिनी तुंबली होती. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं.

बोलणं गेलं म्हणजे अगदी सगळं गेलं असं नाही. इस्पितळात तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं आणि एक शब्द स्वच्छ, खणखणीत बाहेर आला.

"हेल्पलेस."

खाटेशी उभ्या असलेल्या तिथल्या नर्सने डोळे पुसले. तरुण डॉक्टरने मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "असं वाटणं साहजिक आहे, सर. हळूहळू सुधारणा होईल."

मास्तर अस्वस्थ झाले. "हेल्पलेस. हेल्पलेस!"

ते डावा हात स्टुलाकडे नेत होते. स्टुलावर चष्मा होता. बाईंनी पुढे होऊन तो त्यांच्या डोळ्यांवर चढवला, आणि मास्तर सुस्कारा सोडून गप्प झाले. डॉक्टर बघतच राहिला. बाईंच्या अंगावर मात्र कितीतरी वर्षांनी मूठभर मांस चढलं. बोर्डावर दिवा लागला होता, आणि त्यांना लाईन कळली होती.

अशा आजारात कधी कधी एखादाच शब्द जिभेवर अडकून राहतो, असं पुढे बोलणं शिकवायला येणाऱ्या स्पीचवाल्या मुलीने समजावलं. आठवड्यातून एकदा ती घरी येऊन मास्तरांकडून ओठांचे व्यायाम करून घेई. "आजी, त्या शब्दाच्या अर्थावर जाऊ नका. त्यांना पाणी म्हणायचं असतं, तुम्हाला हाक मारायची असते, पण बाहेर पडतो तोच. बिघडलेल्या नळासारखं समजा." मग तिने मास्तरांचा डावा अंगठा वर करून दाखवला. "हा म्हणजे हो." खाली केला. "हा म्हणजे नाही. कुठलीही गोष्ट असो, आधी विचारायचं आणि थांबायचं. अंगठा हलायला वेळ लागतो. मनात शंभर मोजावे लागले तरी थांबायचं. आणि मुख्य म्हणजे त्यांच्या वतीने तुम्ही बोलायचं नाही."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि ती जिना उतरायच्या आत विसरल्या. शंभर मोजायला इथे वेळ कुणाला होता? धुणी, औषधं, कुशी बदलणं, अंग पुसणं. शिवाय त्यांना कळत होतं. लांबवलेला 'हेऽल्पलेस' म्हणजे पाणी. तुटक म्हणजे रेडिओ लावा. खालच्या पट्टीतला, नाकातला, म्हणजे लघवीचं भांडं आणा. दोनदा पाठोपाठ म्हणजे चहा. बाईंनी सगळा कोश पाठ केला होता. घरी येणाऱ्या जाणाऱ्यांना त्या कौतुकाने अर्थ सांगत, आणि लोक म्हणत, "वहिनी, तुम्ही मास्तरांच्या डिक्शनरीच झालात." हे ऐकायला बाईंना आवडे. का आवडू नये? दुसरं काय उरलं होतं?

मास्तरांची बहीण आली की हसावं की रडावं कळत नसे. वन्सं दारातच डोळ्यांना रुमाल लावून आत येत. मास्तरांनी तोंड उघडलं, 'हेल्पलेस' म्हटलं की त्या हंबरडाच फोडत.

"दादा, असं रे काय म्हणतोस! आम्ही आहोत ना तुला!"

"वन्सं, बाजूला व्हा जरा," बाई म्हणायच्या. "तुम्ही पंख्याच्या वाऱ्यात उभ्या आहात. ते तेवढंच म्हणताहेत."

आणि वन्सं बाजूला झाल्या की मास्तर खरंच गप्प होत. कधी कधी बाईंचं बरोबरही यायचं, नाही असं नाही. म्हणून तर घात झाला.

पुढच्या खोलीतल्या फळ्यावर तो शब्द तसाच होता. मास्तरांच्या वळणदार अक्षरात, खाली कूळ, अर्थ, वापर. तो पुसायला कुणाचा हात होईना. बाकांवर धूळ साचली.

लेक दुसऱ्या शहरात नोकरी करत होती. महिन्यातून एकदा धावतपळत यायची, आणि एकदा आली ती बातमी घेऊनच. तिच्या शहरात एक केंद्र होतं. बोलणं गेलेल्या माणसांना तिथे तीन-चार महिने ठेवून घेत, आणि सकाळ-संध्याकाळ बोलणं शिकवत. जागा मोजक्याच, रांग मोठी. तिने मागे नाव नोंदवून ठेवलं होतं, आणि आता एक जागा रिकामी होत होती. शनिवारपर्यंत कळवायचं होतं.

"बरोबर कोण राहणार?" बाईंनी पहिलं हेच विचारलं.

"कुणीच नाही, आई. घरचं माणूस ठेवून घेत नाहीत. घरचं असलं की पेशंट बोलायला धडपडत नाही, म्हणतात. तू माझ्याकडे राहा, रविवारी भेटायला जायचं."

बाईंच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. परक्यांच्या घोळक्यात तो माणूस, तोंडात एकच शब्द, आणि पंख्याचा वारा अडला हे सांगणारं जवळ कुणी नाही. हे एक झालं. दुसरं त्या स्वतःशीसुद्धा बोलल्या नाहीत: ते तिकडे बोलायला शिकले, तर डिक्शनरीचं काय काम?

दोघी मास्तरांच्या खाटेशी गेल्या. लेक खाली बसली. "बाबा, एक जागा आहे. तिथे बोलायला शिकवतात. आम्ही जवळ नसणार, पण रविवारी येऊ. जायचं का तुम्हाला?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. चेहरा लाल झाला. डावी मूठ गादीवर आपटली. "हेल्पलेस!"

"नाही म्हणताहेत," बाई म्हणाल्या.

"हेल्पलेस! हेल्प... हेल्पलेस!"

"बघ, चिडले. उगाच नको त्यांना छळूस."

"आई, तो अंगठ्याचा प्रकार करून बघूया ना. ती स्पीचवाली म्हणाली होती..."

"अगं, मला विचार. रात्रंदिवस कोण असतं इथे? अंगठा काय सांगणार मला? हा आवाज नाहीचा आहे. दुधाचा पेला नको असला की अस्साच करतात."

"एकदाच, आई."

"तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं का?"

या प्रश्नाला कुठल्या लेकीजवळ उत्तर असतं? ती उठून उभी राहिली. मास्तरांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि मग मान भिंतीकडे वळवली. लेकीने शनिवारच्या आधीच केंद्राला नकार कळवला आणि परतीच्या बसने गेली. जाताना म्हणाली, "तुला खात्री आहे ना?"

"अगदी," बाई म्हणाल्या.

त्यानंतर मास्तर गप्प झाले. लांबट नाही, तुटक नाही, एकदाही नाही. बाई पाणी पाजत, ते पीत. भांडं देत, ते घेत. बाईंना वाटलं थकले असतील. मग वाटलं हवा बदलली. मग मात्र भीती वाटायला लागली. बोर्डावर एकही दिवा लागत नसेल तर त्याचा अर्थ सगळे सुखात आहेत असा नसतो, तार कुठेतरी तुटलेली असते. हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

चादर बदलायला म्हणून त्यांनी मास्तरांना एका कुशीवर वळवलं. भिंत आणि गादी यांच्या फटीत काहीतरी कोंबलेलं होतं. ओढून काढलं तर कापडी पिशवी. जुनी, बाजाराची. उशाशी खुंटीला असायची. कधी नाहीशी झाली ते बाईंच्या लक्षातही आलं नव्हतं.

त्यांनी ती गादीवर पालथी केली. दाढीचा ब्रश. जुना चष्मा. टाय. खडूचा तुकडा. एक बनियन, एका हाताने घडी घातलेलं, म्हणजे घडी कसली, गोळाच, पण कडा जुळवायचा प्रयत्न दिसत होता. आणि एक चप्पल. एकच, डावी. दुसरी खाटेच्या पलीकडच्या बाजूला असायची, तिथवर डावा हात पोचत नव्हता.

बाई त्या चपलेकडे बघत उभ्या राहिल्या. लेक आली तेव्हापासून, बायको स्वयंपाकघरात, मोरीत, गच्चीवर कपडे वाळत घालत असताना, हा माणूस जे हाताशी येईल ते एकेक करून पिशवीत भरत होता. शाळेला निघाला होता. आणि ती मूठ, तो लाल चेहरा. तो आवाज हो म्हणत होता. किती जोरात हो म्हणत होता!

त्यांनी मास्तरांना सरळ केलं, उशीला टेकवून बसवलं, आणि समोर स्टूल ओढून बसल्या. डावा हात आपल्या हातात घेतला नाही, मांडीवर मोकळा ठेवला. मग विचारलं.

"तुम्हाला जायचं होतं?"

आणि थांबल्या.

हे थांबणं त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. जिभेच्या टोकाशी दहा वाक्यं आली. हो ना? सांगा ना. मला माफ करा. त्यांनी दात आवळून धरले. खाली रस्त्यावर कुणी हातगाडी ढकलत गेलं, तिचा आवाज दूर जाऊन विरला. मास्तरांचा अंगठा मांडीवर पडून होता. मग हलला. थरथरला. खाली जातो की काय असं वाटलं, आणि हळूहळू, एखादं जड झाकण उचलावं तसा, वर आला.

"अजून जायचंय?"

या वेळी तितका वेळ लागला नाही.

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडून निघायलाही बराच वेळ लागला होता, आणि मास्तरांनी मध्ये तोंड घातलं नाही.

मग ते म्हणाले, "हेल्पलेस." हळू, कुठल्याच पट्टीत न बसणारा. बाईंना त्याचा अर्थ कळला नाही. त्यांनी तो लावायचा प्रयत्नही केला नाही.

त्याच दुपारी त्यांनी केंद्राला फोन केला. जागा गेली होती. नाव पुन्हा रांगेत घातलं. "नंबर आला की आम्हीच फोन करू," तिथली बाई म्हणाली. लेकीला फोन केला तेव्हा तिने नुसतं 'बरं' म्हणून ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं.

पुढचे दिवस म्हणजे बाईंची फजिती होती. अंगठ्याने विचारायला सुरुवात केल्यावर कोशाचं एकेक पान गळायला लागलं. दोनदा पाठोपाठ म्हणजे चहा नव्हताच, खिडकी उघडा असं होतं. चहात साखर नको होती, इतके महिने माणूस मुकाट गोड चहा गिळत होता. आणि रेडिओ! तो रेडिओ त्यांना बंद हवा होता. तुटक आवाजात ते ओरडत, बाई आणखी मोठा करत.

"म्हणजे रेडिओवरच्या त्या बाईचं ते रोजचं गाणं तुम्हाला आवडत नव्हतं?"

अंगठा खाली. आणखी खाली. मनगट वळेल तितका खाली.

"आणि वन्सं? त्या वाऱ्यात उभ्या होत्या म्हणून ओरडायचात ना? निदान ते तरी?"

अंगठा खाली. मास्तरांनी डोळे मोठे केले, डाव्या हाताने रुमाल डोळ्यांना लावल्याची नक्कल केली आणि दाराकडे बोट दाखवलं. वन्संना घालवा, असं होतं ते!

बाईंना हसू फुटलं. मास्तरांच्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू आलं, मग अंग हलायला लागलं, आणि त्या हसण्यातून तोच शब्द तुकड्या-तुकड्यांनी बाहेर पडत राहिला. दोघांची पुरेवाट झाली. बाई पदराने डोळे पुसत होत्या, आणि त्यांना फळ्यावरचा तो वापर आठवला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मास्तरांनी शब्द जागच्या जागी वापरला होता.

त्यानंतर बाई रोज संध्याकाळी मास्तरांना चाकाच्या खुर्चीवर बसवून पुढच्या खोलीत आणत, बाकं पुसत, आणि समोरच्या बाकावर बसत. स्पीचवाल्या मुलीने दिलेले आवाज मास्तर म्हणायचा प्रयत्न करत. एके दिवशी ओठ उघडले, घसा हलला, आणि 'हे'च्या ऐवजी दुसरंच काहीतरी आलं.

"अ..."

अख्ख्या संसारात मास्तरांनी त्यांना नावाने हाक मारली नव्हती. 'अगं' हेच नाव. आता पुढे 'गं' येणार, की दुसरं काही? नुसतं सांगून टाकलं असतं, ओठांनी दाखवलं असतं, तर कदाचित जमलंही असतं त्यांना. बाईंनी बाकाची कड घट्ट धरली. मागच्या बाकावरच्या त्या मुलीला जिन्यात उभं केलं होतं. वाक्य त्याच्या पोटात आहे.

"अ..." मास्तर म्हणाले. कपाळावर घाम आला. "अ..."

आणि थकून मान खाली घातली.

"उद्या," बाई म्हणाल्या. "घाई कसली आहे?"

आठवडाभर रोज तो 'अ' येत होता, आणि रोज तिथेच थांबत होता. बाई रोज थांबत होत्या. त्या आठवड्याच्या शेवटी, सकाळी, त्या स्वयंपाकघरात बिनसाखरेचा चहा गाळत असताना, दुसरा झटका आला. कप घेऊन बाहेर आल्या तेव्हा मास्तरांचे डोळे उघडे होते, तोंड थोडं उघडं होतं, आणि डावा अंगठा ना वर होता ना खाली.

माणसं जमली. विक्रेता आला, आता त्याचं स्वतःचं दुकान होतं. क्लासातली नर्स आली. वन्संनी सगळ्यांना सांगितलं, "शेवटपर्यंत हेल्पलेस, हेल्पलेस म्हणत गेला हो माझा दादा." ऐकणाऱ्यांचे डोळे भरून आले. बाई कोपऱ्यात बसल्या होत्या. पूर्वीच्या असत्या तर फटकन म्हणाल्या असत्या, वन्सं, तसं नव्हतं ते. आता त्यांनी वन्संना बोलू दिलं. वन्संचं वाक्य वन्संचं.

लेक चार दिवस राहिली. जाण्याआधी ती पुढच्या खोलीत फळ्यासमोर उभी राहिली, हातात ओलं फडकं घेऊन.

"पुसू, आई?"

बाई बाकाच्या कडेवर हात ठेवून फळ्यावरची अक्षरं बघत होत्या. लेकीने फडकं खाली ठेवलं.

लेक गेली, आणि एका दुपारी फोन वाजला. बाईंनी उचलला. पलीकडची बाई श्वास घेत होती, मागे टंकयंत्रं वाजत होती, कचेरी होती. पूर्वी एवढ्यावरून बाईंनी लाईन ओळखली असती.

"केंद्रातून बोलतेय. तुमच्या पेशंटचा नंबर लागलाय. सोमवारी आणायचं आहे. येताय ना?"

बाईंनी तोंड उघडलं. सांगायचं तसं फार नव्हतं. दोन शब्दांत होण्यासारखं होतं. पण घशापाशी काहीतरी आलं आणि तिथेच थांबलं.

"हॅलो? ऐकू येतंय का? हो की नाही, तेवढं सांगा. मागे रांग आहे हो."

"अ..." बाई म्हणाल्या.

"काय?"

बाईंनी डोळे मिटले. थोडं थांबली असती पलीकडची बाई, अगदी थोडं, तर आलं असतं.

"बरं, म्हणजे नाही, असंच ना?" पलीकडची बाई म्हणाली. तिला कळलं होतं. "चालेल. नाही लिहिते मी." आणि लाईन बंद झाली.